तेलाच्या गावात पाण्याची नोकरी

पहाटे 4.45

फोन वाजतो तो गजराचा नव्हे, टाकीचा. रेगन कौंटीतल्या आमच्या एका जागेवर खाऱ्या पाण्याची पातळी वर चढली की निरोप थेट माझ्या उशाशी येतो. पश्चिम टेक्सासमधल्या मिडलँड गावी मी एका मध्यम आकाराच्या तेल कंपनीत इंजिनिअर आहे. साताऱ्याकडे कुणी विचारलं की "तेलात आहे" एवढंच सांगतो. समोरचा माणूस लगेच मनातल्या मनात माझ्या पगाराचा हिशेब करू लागतो. वस्तुस्थिती अशी, की माझं काम पाण्याचं आहे. इथल्या विहिरीतून एक बॅरल तेल वर येताना दोन-तीन बॅरल पाणी घेऊन येतं, काही जागी चार-पाच. तेही समुद्राच्या तिप्पट-चौपट खारं. पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, त्याचंच हे उरलेलं. तेल विकणारे वेगळे, या पाण्याची विल्हेवाट लावणारा मी.

मिडलँडमध्ये वर्षाला पाऊस पडतो साधारण 15 इंच. म्हणजे आमच्या माण-खटावपेक्षाही कमी. 2011 च्या दुष्काळात गावाला पाणी देणारी धरणं तळाला गेली, तेव्हा विंकलर कौंटीतल्या भूजलासाठी लांबलचक पाइपलाइन टाकावी लागली. 2013 पासून ते पाणी नळाला येतं. पायाखालून मात्र रोज लाखो बॅरल असं पाणी निघतं की ज्यात बाभळीसारखं इथलं काटेरी मेस्कीटही जगणार नाही.

6.15

हायवे 349. ऑक्टोबर आहे आणि हे गाव आपल्या वेळपट्ट्यात फार पश्चिमेला पडतं, त्यामुळे सूर्य आठच्या सुमाराला उगवतो. तोवर सगळा उजेड तेलाचा. पांढऱ्या पिकअप गाड्यांची रांग, त्यांच्या पुढे वाळूचे आणि पाण्याचे ट्रक, दोन्ही बाजूंना जळणाऱ्या वायूच्या ज्वाळा, आणि मधूनच यात्रेतल्या उंच पाळण्यासारखी दिव्यांनी लखलखलेली एखादी रिग. जमीन इतकी सपाट की रिग वीस मिनिटं आधीपासून दिसते आणि तरी जवळ येत नाही.

या रस्त्यावर गाडी चालवणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात धोक्याचं काम आहे. विहिरीपेक्षाही. पश्चिमेकडच्या 285 नंबरच्या रस्त्याला लोक सरळ 'मृत्यूचा हायवे' म्हणतात. बारा-चौदा तासांची पाळी करून परतणारा ड्रायव्हर, दोन पदरी रस्ता आणि भरलेला टँकर, अपघाताला आणखी काही लागत नाही. आमच्या सकाळच्या बैठकीत उत्पादनाच्या आकड्याआधी रस्त्याची चौकशी होते, ती उगाच नव्हे.

8.00

टाकीची भानगड साधी निघाली, एक झडप अडकली होती. ती आमच्या पंपरनं मी पोचायच्या आधीच सोडवली होती. पंपर म्हणजे विहिरींची रोजची फेरी करणारा माणूस. टाक्या मोजायच्या, दाब बघायचा, पंपजॅकचा आवाज ऐकायचा. आमचे पंपर साठी ओलांडलेले आहेत. छातीवरचं, विषारी वायूचा इशारा देणारं यंत्र न विसरता लावतात आणि माझंही लावलेलं आहे का ते न चुकता बघतात.

मिडलँड समजून घ्यायचं तर कुठल्या पुस्तकापेक्षा या वयाच्या माणसाजवळ उभं राहावं. ते विशीत होते तेव्हा, 1980-81 च्या तेजीत, हायस्कूल सोडून रिगवर गेलेली पोरं मास्तरांच्या दुप्पट कमवत होती. गावात रोल्स-रॉइसचं दुकान निघालं होतं. ज्या गावात धुळीमुळे गाडी आठवड्यातून दोनदा धुवावी लागते, तिथे. बँका विहिरीच्या कागदावर कर्ज देत सुटल्या, आणि विहिरीची किंमत ठरत होती ती तेलाचा दर चढतच राहणार या गृहीतावर. 14 ऑक्टोबर 1983 ला फर्स्ट नॅशनल बँक ऑफ मिडलँड बुडाली. त्या काळातल्या अमेरिकेतल्या मोठ्या बँकबुडींपैकी ती एक. तरीही लोक म्हणत राहिले, दर सावरेल. 1986 मध्ये तो दहा डॉलरच्या आसपास आला. घरांच्या किल्ल्या बँकेच्या पेटीत टाकून माणसं डॅलसला निघून गेली. तेव्हा गाड्यांच्या मागे एक स्टिकर दिसायचं. देवा, आणखी एक तेजी दे, या वेळी उधळणार नाही, अशा अर्थाचं, जरा शिवराळ भाषेतलं. पंपरच्या पिकअपवर ते अजून आहे. तेज्या त्यानंतर दोन येऊन गेल्या. उधळायचं थांबलं का, असं मी एकदा विचारलं. त्यांनी समोरच्या तरुण पोराच्या नव्याकोऱ्या, जमिनीपासून हातभर उंच केलेल्या ट्रककडे बोट केलं आणि टाकी मोजायला निघून गेले.

10.15

टेक्सॉनजवळ जुन्या विहिरीची पाहणी. पाच मिनिटांवर सांता रीटा नंबर 1 आहे. पर्मियन खोऱ्याचं, म्हणजे आमच्या या साऱ्या तेलपट्ट्याचं, दैव ज्या विहिरीनं फिरवलं ती. इथून जाताना मी गाडी थांबवतोच, साहेबाला माहीत आहे.

गोष्ट सांगण्यासारखी आहे. ही जमीन टेक्सास विद्यापीठाची. एकोणिसाव्या शतकात राज्यानं विद्यापीठाला लाखो एकर दिले ते हे ओसाड, कारण चांगली जमीन द्यायला कोण तयार होणार? फ्रँक पिकरेल नावाच्या गृहस्थानं तेल शोधायचा परवाना मिळवला, पण पैसा नाही, यंत्र नाही. 8 जानेवारी 1921 ला मध्यरात्री मुदत संपत होती. त्यानं काय केलं, तर पाण्याची बोअर मारायला सुरुवात केली आणि रस्त्यानं जाणाऱ्यांना थांबवून, काम मुदतीत सुरू झालं, अशी साक्ष लिहून घेतली. थोडक्यात, या सगळ्या तेलाच्या साम्राज्याची सुरुवात पाण्याच्या भोकानं झाली. हे मला माझ्या नोकरीचं समर्थन म्हणून फार आवडतं.

पुढे न्यूयॉर्कच्या काही कॅथलिक बायकांनी पैसे गुंतवले, पण मनात धाकधूक. त्यांनी आपल्या धर्मगुरूंना विचारलं. ते म्हणाले, अशक्य गोष्टींची संत रीटा, तिला शरण जा. बायकांनी मंतरलेला गुलाब दिला आणि पिकरेलनं रिगच्या टोकावर चढून पाकळ्या उधळत विहिरीचं बारसं केलं. ड्रिलर कार्ल क्रॉमवेल जवळच्याच झोपडीत बायकोसह राहत होता. दिवसाला सरासरी पाच फूटही खोदाई होत नसे. कामगार कंटाळून पळत. 646 दिवस असे गेले आणि 28 मे 1923 ला सकाळी तेल वर आलं. तीन हजार फुटांवरून. आज आम्ही आठ-दहा हजार फूट खाली जातो, तिथून नळी आडवी वळवून दोन-तीन मैल नेतो, आणि हे सगळं दोन-तीन आठवड्यांत उरकतं.

त्या ओसाड जमिनीनं टेक्सास विद्यापीठाला अमेरिकेतल्या श्रीमंत विद्यापीठांत नेऊन बसवलं. टेक्सॉनचं काय झालं? तेल कंपनीनं इथे नमुनेदार गाव वसवलं होतं. शाळा, दवाखाना, नाटकगृह, पोहण्याचा तलाव, स्वतःची बेसबॉल टीम. आज काही चौथरे आहेत आणि वारा आहे.

12.30

परत मिडलँड. डबा टेबलावरच. पोळी, बटाट्याची भाजी आणि जवळच्या पेट्रोल पंपावरच्या मेक्सिकन बाईंकडची हिरवी मिरचीची चटणी, जी आपल्या ठेच्याला लाजवते. खिडकीतून 1929 ची पेट्रोलियम बिल्डिंग दिसते. तिच्याकडे बघितलं की टेक्सॉन का मेलं आणि मिडलँड का जगलं ते कळतं.

1881 मध्ये रेल्वे आली तेव्हा फोर्ट वर्थ आणि एल पासो यांच्या बरोबर मध्यावरचं ठाणं, एवढीच या जागेची ओळख. पुढे गुरांचा बाजार. 1920 च्या दशकात आजूबाजूला तेल निघू लागलं, पण मिडलँड कौंटीत तेव्हा तेल नव्हतंच. टी. एस. हॉगन नावाचा मोंटानाचा वकील इथे आला आणि त्याला वाटलं, विहिरी कुठेही असोत, कागद कुठे तरी एका जागी ठेवावे लागतील. त्यानं पाच हजार वस्तीच्या गावात 12 मजली इमारत बांधली. कंपन्या आल्या, नकाशे आले, भूगर्भतज्ज्ञ आले, बँका आल्या. तेव्हापासूनची वाटणी अशी, की ऑफिस मिडलँडला आणि कामगार, यार्ड, वेल्डिंगची दुकानं वीस मैलांवरच्या ओडेसाला. मिडलँडचा माणूस ओडेसाबद्दल बोलताना नाक किंचित वर करतो आणि ओडेसाचा माणूस मिडलँडचं नावच घेत नाही.

हॉगनची इमारत उघडली त्याच वर्षी शेअर बाजार कोसळला. 1931 मध्ये ईस्ट टेक्सासमधल्या तेलाच्या महापुरात दर बॅरलला 10 सेंटपर्यंत घसरला. म्हणजे गावाची पहिली मंदी गावाच्या पहिल्या उंच इमारतीबरोबरच आली.

1.30

ऑफिसमध्ये कुणी बोलत नाही. न्यूयॉर्कच्या बाजारात या वेळेला दिवसाचा दर ठरतो. मुलीच्या वाढदिवसाच्या जेवणात बसलेला माणूसही या मिनिटाला टेबलाखाली फोन बघतो. आजचा दर इथे लिहीत नाही. तुम्ही वाचाल तोवर तो बदललेला असेल. डॅलसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचं सर्वेक्षण सांगतं, नवी विहीर परवडायला दर साधारण 60 डॉलरच्या पुढे लागतो. त्याच्या वर पाच डॉलर गेला की इथे हॉटेलची खोली मिळत नाही, खाली पाच डॉलर आला की कंत्राटदारांचे फोन बंद लागतात.

20 एप्रिल 2020 ला दर शून्याच्या खाली गेला, उणे 37.63 डॉलर. कोविडमुळे तेल कुणालाच नको होतं आणि ओक्लाहोमातल्या कुशिंगच्या साठवण-टाक्या भरत आल्या होत्या. तेल घेऊन जा आणि वर पैसेही घ्या, असा भाव. इथल्या माणसांना तो दिवस घरातल्या मृत्यूसारखा तारखेसकट आठवतो.

आता थोडं तुमच्या खिशाबद्दल. पर्मियन खोरं आज रोज 60 लाख बॅरलच्या आसपास तेल काढतं. साऱ्या भारताची रोजची गरज 55 लाखांच्या घरात आहे. 2023 पासून ब्रेंटचा, म्हणजे जगभर मापदंड मानला जाणारा तेलाचा दर ठरवताना मिडलँडचं तेलही धरलं जातं, आणि भारत आयात करतो त्या तेलाच्या सरासरी दरात ब्रेंट आहे. तेव्हा कराडच्या पंपावरच्या आकड्यात आमच्या गावाचा अंश आहे. ओपेकला शिव्या घालताना थोड्या इकडेही पाठवायला हरकत नाही.

2.30

जमीन विभागातल्या सहकारणीबरोबर एका भाडेपट्ट्याची तपासणी. ती अर्धा आठवडा कोर्टाच्या दप्तरखान्यात शंभर वर्षांपूर्वीची खरेदीखतं वाचत असते. आपल्याकडे 7/12 वर नाव असलं तरी खालचं खनिज सरकारचं. शेतात तेल लागलं तर शेतकऱ्याला पिकाची आणि जमिनीची भरपाई मिळते. टेक्सासमध्ये खालचं तेल माणसाच्या मालकीचं असू शकतं, आणि गंमत म्हणजे वरची जमीन विकून खालची ठेवता येते. आजोबांनी 1940 मध्ये रान विकलं पण खनिज राखलं, तर आज फ्लोरिडात राहणाऱ्या नातीला दर महिन्याला रॉयल्टीचा चेक जातो. पूर्वी आठवा हिस्सा असे, आता पाव हिस्साही मागतात. चार पिढ्यांत मालकी इतकी चिरली जाते की एका विहिरीला दोनशे वारस निघतात. आपल्या भाऊबंदकीला यात परकं काही वाटणार नाही.

माझं मत विचाराल तर अमेरिकेत शेल तेलाची क्रांती झाली त्यात तंत्रज्ञानाइतकाच वाटा या कायद्याचा आहे. शेजाऱ्यानं विहिरीला परवानगी दिली की आपणही द्यावी, असं हजारो लोकांना एकदम वाटलं.

आणि वाटा जिद्दी माणसांचा. मिडलँडखालच्या स्प्रेबेरी थराला जाणकार एके काळी जगातलं सगळ्यात मोठं न परवडणारं तेलक्षेत्र म्हणत. ऑट्री स्टीफन्स यांनी 1979 मध्ये याच थरात धंदा सुरू केला. मोठ्या कंपन्या कंटाळून निघून गेल्या, हे स्वस्तात जमिनी घेत राहिले. 2024 च्या फेब्रुवारीत त्यांची कंपनी 26 अब्ज डॉलरला विकायचा करार झाला. व्यवहार पुरा व्हायच्या आधीच, ऑगस्टमध्ये ते वारले.

3.45

दिवसातला सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा तास. पाण्याचा अहवाल. तो जातो टेक्सासच्या रेलरोड कमिशनकडे. 1891 मध्ये रेल्वेला लगाम घालायला स्थापन झालेल्या या खात्याकडे आता रेल्वेचं काहीच नाही, तेल आणि वायू मात्र पूर्ण आहे. नाव मात्र अजून तेच आहे. याच कमिशनचे पहिले अध्यक्ष जॉन रेगन, त्यांच्याच नावाची ती सकाळची कौंटी.

खारं पाणी आम्ही परत जमिनीत, तेलाच्या वरच्या किंवा फार खालच्या थरांत दाबतो. काही भाग गाळून पुढच्या विहिरीच्या फ्रॅकला, म्हणजे दाबानं खडक फोडायला, वापरतो, पण सगळं खपत नाही. खोल थरात पाणी दाबलं की जुन्या भेगा सरकतात. मिडलँड-ओडेसाच्या मधल्या गार्डनडेल भागात इतके धक्के बसू लागले की 2021 च्या अखेरीला कमिशननं तिथलं खोल पाणी दाबणं थांबवलं. तरी 16 डिसेंबर 2022 च्या संध्याकाळी गावाच्या उत्तरेला पाचाहून मोठ्या तीव्रतेचा भूकंप झाला. ऑफिसमधल्या टेक्सन मंडळींना वाटलं, ट्रक धडकला. मला वाटलं, कोयना.

आम्ही साताऱ्याकडची माणसं. 11 डिसेंबर 1967 ची पहाट आमच्या घरात माझ्या जन्माआधीपासून सांगितली जाते. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय भरल्यानंतर जमीन हलली, आणि माणसानं साठवलेल्या पाण्यामुळे भूकंप होऊ शकतो याचं जगाच्या पाठ्यपुस्तकातलं उदाहरण कोयना झालं. इथल्या बैठकीत मी ते सांगितलं तेव्हा सगळ्यांनी नाव लिहून घेतलं. खोल थर सोडून वरच्या थरात पाणी दाबावं तर भूकंप कमी होतात, पण जुन्या, नीट न बुजवलेल्या विहिरींतून ते खारं पाणी वर फुटण्याची भीती. शंभर वर्षांत कुणी कुठे भोकं पाडली त्याची पुरी नोंद नाही. माझ्या मते या गावाची पुढची मंदी दरामुळे येईल की पाण्यामुळे, हा प्रश्न आता विचारायला हवा. विचारला जात नाही.

5.45

घरी जाताना वेस्ट ओहायो अव्हेन्यू. इथल्या एका साध्याशा घरात थोरले बुश पोराबाळांसह राहत होते. पूर्वेकडच्या बड्या घरचा मुलगा, तेलात नशीब काढायला आलेला. त्यांची लहानगी रॉबिन 1953 मध्ये रक्ताच्या कर्करोगानं गेली ती याच काळात. धाकटे बुश इथेच वाढले, पुढे तेलाच्याच धंद्यासाठी परतले, लग्नही मिडलँडच्या मुलीशी झालं. घराचं आता संग्रहालय आहे. एका घरातून दोन अध्यक्ष निघाले याचा गावाला अभिमान असणारच.

मला मात्र गावाचं माणूसपण दिसतं ते 1987 च्या ऑक्टोबरात. मंदीनं कंबरडं मोडलेलं असताना दीड वर्षाची एक मुलगी अंगणातल्या आठ इंची बोअरच्या पाइपात पडली. रिकामे बसलेले ड्रिलर आपापली यंत्रं घेऊन धावले, शेजारी समांतर विवर खोदलं. खडक इतका कठीण की हत्यारं बोथट झाली. 58 तासांनी तिला जिवंत वर काढलं. सारं जग टीव्हीवर ते बघत होतं.

7.30

शुक्रवार म्हणजे हायस्कूलचा फुटबॉल. स्टेडियम असं की आपल्याकडच्या जिल्ह्याच्या क्रीडासंकुलानं बघत राहावं. शाळेत गणिताला शिक्षक मिळत नाही, कारण ट्रक चालवला तर जास्त पैसे मिळतात. याबद्दल पालक हळहळतात आणि पुन्हा मैदानाकडे बघतात. मी अर्ध्यात उठलो.

9.15

साताऱ्यात शनिवारची सकाळ. बाबांचा चहा झालेला असतो.

"अरे, पेपरात आलंय, तेल उतरलं म्हणून. तुझं ठीक आहे ना?"

"ठीक आहे बाबा. उतरलं तरी पाणी येतच राहतं."

"मग पंपावर का उतरत नाही?"

याचं उत्तर माझ्याकडे नाही.

नंतर पुण्यात पेट्रोलियम इंजिनिअरिंग शिकणाऱ्या मुलांचे मेसेज वाचतो. सगळ्यांचा प्रश्न एकच, मिडलँडला यावं का? एकेकाला वेगळं लिहिण्यापेक्षा इथेच सांगतो. या. काम शिकायला याच्याइतकी चांगली जागा नाही आणि माणसं मदतीला धावणारी आहेत. तेलापेक्षा पाण्याचा अभ्यास करून या, त्याला माणसं कमी पडताहेत. दोन वर्षं भाड्याच्या घरात राहा. आणि हॉटेलची खोली मिळेनाशी झाली, न्हाव्याकडे रांग लागली, शेजाऱ्यानं नवी बोट घेतली, असं दिसलं की त्या वर्षी घर अजिबात विकत घेऊ नका.